यंत्राचा नियम काय?

काही वर्षांपूर्वी मी एक विनोदी विज्ञानकथा लिहिली होती. तिच्यात आठ डोळ्यांचे परग्रहवासी होते, उच्चारताना जीभ अडखळावी अशी मुद्दाम बेतलेली त्यांची नावे होती, त्यांचे यान सारखे बंद पडत होते आणि शेवटी सगळेच एका काळयंत्रात बसून भलत्याच शतकात जाऊन पोहोचत होते. लिहिताना मला स्वतःला भरपूर हसू आले. ज्याच्या वाचनावर माझा विश्वास आहे अशा एका मित्राला मी ती वाचायला दिली. त्याने अकरा पाने शांतपणे वाचली, एकदाही हसला नाही आणि कागद परत देताना एवढेच विचारले, "या यंत्राचा नियम काय आहे?" मी म्हटले, विनोदी कथा आहे, तिला नियम कशाला हवा? तो म्हणाला, "म्हणूनच हसू आले नाही."

त्या उत्तराचा राग दोन-तीन दिवस टिकला. नंतर मी माझ्या आवडीच्या विनोदी विज्ञानकादंबऱ्या पुन्हा काढल्या आणि हसू नेमके कोठे फुटते तेथे पेन्सिलीने खूण करत वाचू लागलो. बऱ्याच खुणा जमल्यावर लक्षात आले की चमत्कारिक नावांजवळ किंवा चमत्कारिक प्राण्यांजवळ मी जवळजवळ एकही खूण केलेली नाही. खुणा होत्या त्या अशा जागी, जेथे लेखकाने एखादी अशक्य गोष्ट एकदा मान्य केली आणि मग ती नेईल तिकडे तो मुकाट्याने तिच्यामागून चालत गेला.

विनोद आणि विज्ञानकथा यांची सुरुवात मुळात एकाच शब्दाने होते: समजा. समजा, माणसाला भूतकाळात जाता आले. समजा, एखाद्या यंत्राला हवी ती वस्तू निर्माण करता आली. गंभीर विज्ञानकथा या 'समजा'पासून निघून भयापर्यंत, नवलापर्यंत किंवा इशाऱ्यापर्यंत पोहोचते. विनोदी विज्ञानकथा त्याच रस्त्याने, त्याच शिस्तीने निघते आणि मध्येच कधीतरी वाचकाच्या ध्यानात येते की तर्काचे एकही पाऊल न चुकता आपण निखळ वेडेपणाच्या दारात येऊन उभे राहिलो आहोत. वाचक एक थाप आनंदाने पचवतो. दुसरीला तो साशंक होतो आणि तिसरीला पुस्तक मिटतो. माझ्या अकरा पानांत किती थापा होत्या ते मी नंतर मोजले. आकडा सांगण्यासारखा नाही.

या गंभीर चेहऱ्याचा सर्वांत शुद्ध नमुना कादंबरीत नसून एका बनावट शोधनिबंधात आहे. विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्ह हे कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी काम करत असताना त्यांनी थायोटिमोलिन नावाच्या काल्पनिक संयुगावर एक लेख लिहिला; तो 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. हे संयुग पाण्यात इतके तत्परतेने विरघळते की पाणी घालण्याच्या 1.12 सेकंद आधीच ते विरघळलेले असते. लेखात तक्ते होते, आलेख होते, अस्तित्वात नसलेल्या नियतकालिकांचे संदर्भ होते, आणि भाषा एखाद्या शोधनिबंधाला शोभेल इतकी कोरडी होती. परीक्षकांना ही थट्टा रुचणार नाही या धास्तीने असिमॉव्ह यांनी तो टोपणनावाने छापण्याची विनंती केली होती. छापला गेला तो खऱ्याच नावाने. पुढे तोंडी परीक्षेत, अगदी शेवटी, एका परीक्षकाने तितक्याच गंभीरपणे थायोटिमोलिनच्या उष्मागतिकीविषयी प्रश्न विचारला. असिमॉव्ह यांना हसू आवरेना. ज्याला नापास करायचे आहे त्याची अशी थट्टा कोणी करणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते.

कादंबरीकडे, किंवा निदान कादंबरीच्या शेजारच्या घराकडे, वळायचे तर मला पोलंडचे स्तानिस्वाव लेम सर्वांत आधी आठवतात. त्यांच्या 1965 च्या 'सायबेरियाड'ला कादंबरी म्हणावे की कथामाला हा वाद मी सोडून देतो. ट्रर्ल आणि क्लापॉशियस हे दोन यंत्रमानव अभियंते तिच्यातील बहुतेक गोष्टींना बांधून ठेवतात. सुरुवातीच्याच एका गोष्टीत ट्रर्ल असे यंत्र तयार करतो की जे 'एन' या अक्षराने सुरू होणारी कोणतीही वस्तू निर्माण करू शकते. त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी क्लापॉशियस ते तपासायला येतो, काही फर्मायशी करतो आणि अखेर यंत्राची फजिती करण्यासाठी त्याला 'काहीही नाही' निर्माण करायला सांगतो. त्यासाठीचा पोलिश शब्दही 'एन'नेच सुरू होतो आणि इंग्रजी शब्दही. यंत्र नुसतेच उभे राहिलेले दिसते. हे तर काहीच करत नाही, असे म्हणून क्लापॉशियस जिंकल्याच्या थाटात निघतो, तेव्हा यंत्र त्याला शांतपणे समजावून सांगते की काहीही न करणे वेगळे आणि 'काहीही नाही' हे निर्माण करणे वेगळे. तोवर जगातून एकेक वस्तू नाहीशी होऊ लागलेली असते. क्लापॉशियस गयावया करून यंत्राला थांबवतो, पण गेलेले परत आणायला सांगितल्यावर यंत्र दिलगिरी व्यक्त करते: त्याला फक्त 'एन'ने सुरू होणाऱ्या वस्तूच परत आणता येतात. आज आकाश इतके रिकामे आणि भोके पडल्यासारखे का दिसते, याचे कारण म्हणे हेच.

या गोष्टीत पहिल्या वाक्यानंतर एकही नवी थाप नाही. यंत्र कोठेही बिघडत नाही, कोणावर उलटत नाही, दुष्टपणा करत नाही. ते दिलेले काम शब्दशः करते. हसू येते आणि घसा कोरडाही पडतो, आणि दोन्ही एकाच कारणाने.

ही गोष्ट मराठीत आणायची तर काय होईल, याचा मी एकदा रात्री उशिरापर्यंत विचार करत बसलो होतो. पहिला अर्धा भाग सुरेख जमतो, कारण 'न' हे अक्षर आपल्याकडे नाहीसेपणाचेच अक्षर आहे: नसणे, नाश, नकार, नामशेष. यंत्राला 'नसणे' निर्माण करायला सांगितले की काम झाले. अडचण येते ती शेवटी. मराठी यंत्राला तारे परत आणता येणार नाहीत हे खरे, पण नक्षत्रे येतील, आणि सत्तावीसच्या सत्तावीस नक्षत्रे परत आली तर रिकाम्या आकाशाचा तो शेवट कोसळलाच. मग मला वाटले की येथे अनुवादकाने हार मानू नये. क्लापॉशियसने नक्षत्रे मागावीत, यंत्राने ती द्यावीत आणि क्लापॉशियसने वर पाहिल्यावर त्याला ताऱ्यांविना नुसत्या आकृत्या दिसाव्यात. लेम यांच्या अनुवादकांना असे उद्योग खरोखरच करावे लागले आहेत. याच पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादात कविता करणाऱ्या यंत्राला केस कापण्याच्या विषयावर एक उदात्त, शोकात्म आणि प्रत्येक शब्द एकाच अक्षराने सुरू होणारी कविता करायला सांगितली जाते. अनुवादक मायकेल कँडेल यांनी इंग्रजीत ती जवळजवळ नव्याने रचली.

लेम यांचाच आणखी एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'स्टार डायरीज'मधील इयोन तिची हा अवकाशप्रवासी एकटाच यानातून चाललेला असताना सुकाणू बिघडते. दुरुस्ती किरकोळ आहे, पण बोल्टचे डोके एकाने धरायचे आणि नट दुसऱ्याने आवळायचा, म्हणजे माणसे दोन हवीत. एवढ्यात यान अशा भोवऱ्यात सापडते की जेथे काळ स्वतःवरच गुंडाळला जातो आणि मंगळवारचा तिची सोमवारच्या तिचीला उठवायला येतो. आता माणसे दोन झाली, काम होऊन जाईल, असे आपल्याला वाटते. पण सोमवारचा मंगळवारच्यावर विश्वास ठेवत नाही, बुधवारचा मंगळवारच्याला बोल लावतो, खाण्यावरून भांडणे होतात आणि पुढे यानात इतके तिची गोळा होतात की त्यांची सभा भरते. ठराव, हरकती, गटबाजी सगळे यथासांग होते. अखेर मोठी माणसे बोलत बसलेली असताना त्याच माणसाची दोन लहानपणे बाहेर जाऊन सुकाणू दुरुस्त करून येतात. काळप्रवासाचे कोडे आणि समित्यांचे विडंबन ही येथे दोन वेगळी कामे राहिलेली नाहीत: माणूस स्वतःशीसुद्धा सहकार्य करू शकत नाही, हे सिद्ध करायला काळाचा भोवरा खरोखरच लागतो.

नियमाच्या खालोखाल या कादंबऱ्यांना लागते ती मापांची विसंगती. ही युक्ती आधुनिक नाही. व्होल्तेर यांच्या 1752 च्या 'मिक्रोमेगास'मध्ये लुब्धक ताऱ्याकडचा एक अजस्र प्रवासी शनीवरच्या सोबत्याबरोबर पृथ्वीवर येतो. माणसे इतकी बारीक की गळ्यातल्या हाराचे हिरे भिंगासारखे डोळ्याला लावल्यावर त्यांना एक जहाज दिसते. जहाजावरील तत्त्वज्ञांपैकी एक जण या पाहुण्यांना ठामपणे सांगतो की सूर्य, तारे आणि पाहुणे स्वतः, हे सगळे माणसासाठीच निर्माण केलेले आहे. ते ऐकून दोघे इतके हसतात की नखावर धरलेले जहाज शनीवासीयाच्या विजारीच्या खिशात पडते. आपल्या महत्त्वाविषयीच्या भाषणाचा शेवट कोणाच्या तरी खिशात होणे, हे या सबंध साहित्यप्रकाराचे बोधचिन्ह म्हणून शोभेल.

डग्लस ॲडम्स यांनी हीच विसंगती विसाव्या शतकात अशी काही हाताळली की त्यांच्यानंतर लिहिणाऱ्या प्रत्येकाची पंचाईत झाली. 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' 8 मार्च 1978 रोजी बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून सुरू झाली आणि 1979 मध्ये कादंबरी म्हणून आली. आरंभी आर्थर डेंट नावाचा माणूस बुलडोझरसमोर चिखलात आडवा पडलेला आहे, कारण बायपास रस्त्यासाठी त्याचे घर पाडायचे आहे. आराखडा रीतसर प्रदर्शित केला होता, हरकत वेळेत घ्यायला हवी होती, असे अधिकारी सांगतो. आराखडा प्रत्यक्षात तळघरात, वापरात नसलेल्या शौचालयातील कुलूपबंद कपाटाच्या तळाशी होता आणि दारावर बिबट्यापासून सावध राहण्याची पाटी होती. थोड्याच वेळात व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांचा ताफा येतो आणि अवकाशातील बायपाससाठी पृथ्वी पाडली जाणार असल्याचे जाहीर करतो. आराखडे पन्नास वर्षे जवळच्याच ताऱ्याकडील कार्यालयात लावलेले होते. पृथ्वीवासीयांना तेथवर जायला जमले नाही, हा त्यांचा दोष.

हा विनोद सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यामुळे त्याच्या शेजारचा एक छोटा प्रसंग झाकोळला जातो. माझी पेन्सिलीची खूण खरे तर तेथे आहे. आर्थरचा मित्र फोर्ड याला आर्थरला तेथून बाहेर काढायचे आहे, पण आर्थर उठला तर घर पडेल. म्हणून फोर्ड अधिकाऱ्याला गाठतो. हा माणूस दिवसभर येथे पडून राहणार हे तुम्ही धरून चालला आहात ना? हो. म्हणजे तुमचे लोक आज काम न करताच उभे राहणार? हो. मग तो पडूनच राहणार हे गृहीत धरल्यावर तो खरोखर पडलेला असण्याची गरज उरत नाही. अधिकाऱ्याला हे पटते. त्यानंतर फोर्ड त्याला हेही पटवतो की तोवर चिखलात आडवे पडायला कोणीतरी हवेच, आणि अधिकारी स्वतः बुलडोझरसमोर आडवा होतो. येथे अजून अवकाशयान आलेले नाही, बुलडोझर सोडला तर एकही यंत्र नाही. पण ज्या तर्काने पुढे पृथ्वी जाणार आहे, तोच तर्क येथे घरगुती मापात चालून दाखवलेला आहे.

असंभाव्यतेवर चालणारे यान ही ॲडम्स यांची सर्वांत धाडसी कल्पना म्हणावी लागेल. कथानकात योगायोग येऊ देणे हा लेखकाचा आळस समजला जातो. ॲडम्स यांनी योगायोगालाच इंधन केले. यानाचे इंजिन सुरू झाले की जे होणे अत्यंत असंभाव्य ते होते, म्हणून यानावर सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांपैकी एकाचे पेटुनियाच्या फुलांच्या कुंडीत रूपांतर होते आणि दुसऱ्याचे व्हेल माशात. येथवर ही नुसती धमाल आहे. पण लेखक त्या व्हेलला सोडून पुढे जात नाही. कित्येक मैल उंचीवर, हवेत, नुकताच अस्तित्वात आलेला तो जीव विचार करू लागतो: मी कोण, हे सळसळते काय आहे, त्याला वारा म्हणू या, मागे हे काय हलते, त्याला शेपूट म्हणू या, आणि हे एवढे मोठे, सपाट, वेगाने जवळ येणारे काय असेल, त्याच्याशी माझी मैत्री होईल का? परिच्छेद लहान आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मोठ्याने हसलो. त्या वर्षी घरात एक मृत्यू झाला आणि पुन्हा वाचताना त्याच ओळीवर पुस्तक बाजूला ठेवावे लागले. ओळ तीच होती. वस्तूंना नावे देण्याच्या घाईत असलेला तो व्हेल आता मला फार ओळखीचा वाटत होता.

42 या उत्तराविषयी इतके लिहिले गेले आहे की मी आटोपते घेतो. जीवन, विश्व आणि बाकी सगळे यांविषयीच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर शोधायला महासंगणक 75 लाख वर्षे घेतो आणि 42 असे सांगतो; प्रश्न नेमका काय होता ते कोणीच विचारलेले नसते. पुढच्या पुस्तकात जो प्रश्न हाती लागतो तो सहा गुणिले नऊ किती असा आहे. काही वाचकांनी शोधून काढले की तेराच्या पायावरील अंकगणितात, म्हणजे दहा-दहाऐवजी तेरा-तेराचे गट करून मोजल्यास, हा गुणाकार खरोखरच 42 येतो. ॲडम्स यांनी सांगितले की आपण तेराच्या पायावर विनोद करत नाही. आकडा साधा आणि लहानसा हवा होता, तो सुचला. वाचकांनी मात्र गूढार्थ शोधणे थांबवले नाही, आणि मला त्यांचा हेवा वाटतो, कारण कादंबरीतील पात्रे जे करतात तेच ते पुस्तकाबाहेर करत आहेत.

व्होगॉन क्रूर नाहीत, ते नियमावर बोट ठेवणारे आहेत. लेम, ॲडम्स आणि त्यांचे समकालीन यांच्या विश्वात परग्रहवासी जिंकायला क्वचितच येतात. ते नोटीस घेऊन येतात, पावती मागतात, चुकीच्या पत्त्यावर येतात. रॉबर्ट शेकली यांच्या 1968 च्या 'डायमेन्शन ऑफ मिरॅकल्स'मध्ये टॉम कारमोडी याला आकाशगंगेच्या सोडतीत बक्षीस लागते, ते घ्यायला तो आकाशगंगेच्या मध्यभागी जातो आणि मग कळते की परत पोहोचवणे ही आयोजकांची जबाबदारी नाही. घर कोठे आहे, कोणत्या काळात आहे आणि अनेक पृथ्वींपैकी कोणती पृथ्वी त्याची, हे त्याने स्वतः सिद्ध करायचे आहे. वाटेत त्याला पृथ्वी बांधून देणारा कंत्राटदारही भेटतो. हे पुस्तक ॲडम्स यांच्या अकरा वर्षे आधीचे आहे, आणि ते आज इतके कमी वाचले जाते ही मला वैयक्तिक खंत आहे.

विश्व एवढे प्रचंड आणि कारभार एवढा क्षुद्र, यातून कडू पुस्तक निघायला हवे. ते कडू होत नाही, याचे उत्तम उदाहरण कर्ट व्होनेगट यांचे 1959 चे 'द सायरन्स ऑफ टायटन'. ट्राल्फमडोर ग्रहाचा सालो हा यंत्रदूत एक निरोप घेऊन विश्वाच्या दुसऱ्या टोकाकडे निघालेला असताना, शनीच्या टायटन या उपग्रहावर त्याचे यान बंद पडते. सुटा भाग हवा आहे. तो मिळावा म्हणून त्याचा ग्रह दुरून मानवी इतिहास घडवत आणतो, आणि माणसांनी उभारलेल्या अतिभव्य वास्तू हे प्रत्यक्षात सालोला धीर देणारे निरोप असतात: स्टोनहेंजचा अर्थ, सुटा भाग लवकरात लवकर पाठवत आहोत. हजारो वर्षांची राज्ये, युद्धे आणि धर्म यांच्या अखेरीस एका मुलाच्या खिशातील शकुनाची धातूची पट्टी टायटनवर पोहोचते, आणि तो सुटा भाग तोच असतो. सालो जो निरोप इतका जपून नेत असतो, तो उघडल्यावर त्यात एक ठिपका निघतो. त्याच्या भाषेत त्या ठिपक्याचा अर्थ एवढाच: नमस्कार.

येथे मी हसलो की नाही ते मला नीट सांगता येत नाही. पण व्होनेगट यांचा नियम पाहण्यासारखा आहे. इतिहासाला हेतू आहे, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांना ते म्हणतात: ठीक, आहे, हा घ्या. हेतू मिळाल्यावर हेतू नसल्यापेक्षा अधिक पोरके वाटावे, हे त्यांनी केवळ एका सुट्या भागाने साधले.

फ्रेडरिक ब्राउन यांच्या 1955 च्या 'मार्शन्स, गो होम'मध्ये मंगळावरचे हिरवे बुटके येतात, आणि ते कोणाला मारत नाहीत. फक्त सगळीकडे असतात, आगाऊपणा करतात आणि प्रत्येकाचे गुपित खरेखुरे सांगून टाकतात. हॅरी हॅरिसन यांच्या 1965 च्या 'बिल, द गॅलॅक्टिक हिरो'मधील बिल हा सैन्यात फसवून भरती झालेला भाबडा जवान आहे. लढाईत डावा हात गेल्यावर त्याला दुसऱ्याचा उजवा हात बसवला जातो आणि उरलेले आयुष्य तो दोन उजव्या हातांनी काढतो. दोन्ही पुस्तके एका बैठकीत वाचावीत, दुसऱ्या बैठकीची अपेक्षा ठेवू नये.

अलीकडच्या काळात जॉन स्कॅल्झी यांनी 'रेडशर्ट्स' (2012) मध्ये नियमाची कल्पना उलटी फिरवली. एका अवकाशयानावरील कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या लक्षात येते की वरिष्ठांबरोबर मोहिमेवर गेलेला कनिष्ठ हमखास मरतो आणि वरिष्ठ हमखास वाचतात. प्रयोगशाळेत एक पेटी आहे. अशक्य प्रश्न तिच्यात ठेवायचा आणि मुदत संपण्याच्या अगदी काही क्षण आधी उत्तर बाहेर येते, कधीही लवकर येत नाही. पात्रे वैज्ञानिकांच्या शिस्तीने निरीक्षणे गोळा करतात आणि निष्कर्षाला पोहोचतात की आपण एका वाईट लिहिलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत आहोत. ढिसाळ लेखन हाच भौतिकशास्त्राचा नियम ठरतो. कॉनी विलिस यांच्या 'टू से नथिंग ऑफ द डॉग'मध्ये काळप्रवासाचे नियम इतके काटेकोर आहेत की भूतकाळातून आलेल्या एका मांजरीवरून इतिहासकारांची झोप उडते. फार प्रवास केल्याने काळथकवा येतो, त्याची लक्षणे म्हणजे नीट ऐकू न येणे आणि उगाच भावविवश होणे. अशा अवस्थेतला नायक विश्रांतीसाठी 1888 मध्ये पाठवला जातो आणि पहिल्या सुंदर मुलीला पाहून त्याचे हृदय भरून येते, तेव्हा ते प्रेम आहे की लक्षण, हे त्याला आणि आपल्याला बराच वेळ कळत नाही.

या प्रकाराविषयी माझ्या तक्रारी आहेत. नियमावर इतका जीव लावला की माणसे पातळ होतात. ॲडम्स यांची ट्रिलियन ही खगोलभौतिकी शिकलेली स्त्री आहे, पण पहिल्या पुस्तकांत तिच्या वाट्याला इतरांकडे पाहण्यापलीकडे फारसे काम येत नाही, तर खिन्न यंत्रमानव मार्विनला पानेच्या पाने मिळतात. लेम यांच्या अभियंत्यांच्या जगात स्त्रिया बहुधा राजकन्या म्हणूनच डोकावतात. विलिस वाचल्यावर ही उणीव अधिक बोचते, कारण नियम आणि माणसे दोन्ही सांभाळता येतात हे त्यांनी दाखवून दिले आहे. दुसरी तक्रार मालिकांची. 'समजा' एकदाच म्हणता येते. पाचव्या भागापर्यंत तेच गृहीतक ताणले की लेखकाला आपल्या जुन्या विनोदांची देखभाल करत बसावे लागते, आणि ॲडम्स यांचे 1992 चे पाचवे पुस्तक वाचताना त्या कामाचा त्यांना आलेला कंटाळा मला पानापानावर जाणवतो.

माझ्या कथेचे पुढे काय झाले ते सांगतो. आठ डोळ्यांचे परग्रहवासी काढून टाकले, नावे काढून टाकली, बंद पडणारे यानही गेले. उरले फक्त काळयंत्र, आणि त्याला मी एक नियम दिला: ते माणसाला बरोबर अकरा मिनिटे मागे नेते, मात्र सुरू केल्यावर तापायला त्याला बारा मिनिटे लागतात. त्याचा निर्माता हे यंत्र अभिमानाने सगळ्यांना दाखवतो, लोक रांग लावून त्यात बसतात, आणि बटण दाबल्यानंतर एका मिनिटाने भूतकाळात पोहोचल्याचे समाधान घेऊन घरी जातात. या वेळी पाने चार झाली. मित्राने ती त्याच शांतपणे वाचली. तिसऱ्या पानावर, जेथे मी कोणताही विनोद केलेला नव्हता, जेथे एक म्हातारी यंत्रातून उतरून निर्मात्याचे आभार मानते, तेथे तो हसला. मग चौथे पान उलटून झाल्यावर त्याने पुन्हा तिसरे काढले, बोटावर काहीतरी मोजले आणि विचारले, "पण मग ती यंत्रातून उतरते तेव्हा यंत्राबाहेर रांगेत कोण उभे असते? तीच ना?"

मी कागद त्याच्या हातून काढून घेतले. कथा आता सात पानांची आहे आणि अजून संपलेली नाही.